सूर्यतापाची वाफ : कुलाबा ते लातूर

मराठवाड्याच्या उन्हाची कीर्ति चांगली नाहीं. नांदेडास किंवा लातुरास वैशाखांत चार दिवस राहून आलेला मनुष्य त्या उन्हाची तक्रारच घेऊन परततो. आणि ज्या प्रांतांत पावसाचा भरंवसा नाहीं तेथें उन्हाला वैरी मानणें स्वाभाविकहि आहे. परंतु हेंच ऊन कारखान्याच्या भट्टींत सरपणाचें काम करील काय, हा प्रश्न महाराष्ट्रांत आजचा नव्हे. तो सुमारें दीडशें वर्षांमागें मुंबईंत विचारला गेला, आणि २००६ सालीं लातुरास त्याचें एक उत्तर मिळालें. यंत्राचा शोध लागणें, त्या शोधाचें पेटंट मिळणें आणि तो समाजांत रुजणें या तीन अगदीं निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें या दोन टोकांमधील हकीकतीवरून स्पष्ट होण्यासारखें आहे. म्हणून ती वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हिंदुस्थानांत शोधकास त्याच्या शोधाचा अनन्य हक्क देणारा पहिला कायदा १८५६ सालीं झाला. त्याखालीं पहिला हक्क कलकत्त्याचे एंजिनियर जॉर्ज आल्फ्रेड डी पेनिंग यांनीं पंखा ओढण्याच्या यंत्राबद्दल मिळविला. म्हणजे या देशांतील पहिला नोंदलेला शोध उष्म्यापासून सुटका करून घेण्याचा होता! कायद्याचें तत्त्व साधें होतें. शोधकानें आपली युक्ति लपवून न ठेवतां उघड लिहून द्यावी, आणि त्याच्या मोबदल्यांत चौदा वर्षें ती दुसऱ्या कोणीं त्याच्या संमतीवांचून वापरूं नये. मुदत सरली कीं ती युक्ति सर्वांची. हा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. नांदेड व लातूर त्या वेळीं निजामाच्या अमलांत होतीं.

सूर्याच्या उष्णतेवर यंत्र चालविण्याची कल्पना प्रथम नेटानें हातीं घेतली ती फ्रान्समधील ऑगस्टिन मूशो या गणिताच्या शिक्षकानें. त्यानें १८६१ सालीं आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि १८७८ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत उन्हाच्या बळावर बर्फ करून दाखवून लोकांस थक्क केलें. परंतु त्याचें यंत्र म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला एक मोठा शंकूच्या आकाराचा आरसा. तो महाग पडे, लवकर काळवंडे आणि फार मोठा करतां येत नसे.

ही अडचण मुंबईंत ज्यानें ओळखली तो कोणी एंजिनियर नव्हता. विल्यम अ‍ॅडम्स हा सरकारी कचेरींतील एक इंग्रज डेप्युटी रजिस्ट्रार. एकच मोठा वांकडा आरसा करण्यापेक्षां पुष्कळ लहान सपाट आरसे एका चौकटींत बसवून त्या सर्वांचा कवडसा एकाच ठिकाणीं पाडावा, ही त्याची युक्ति. १७ इंच लांब व १० इंच रुंद असे आरसे तो एकएक वाढवीत गेला आणि उष्णता मोजीत गेला. १२०० अंश फॅरनहाइट उष्णतेस ७२ आरसे लागतील असा त्याचा हिशेब झाला. त्या कवडशांत धरलेलें लाकूड तत्काळ पेटलें. चौकट अर्धवर्तुळाकार रुळांवर बसविलेली असे व सूर्य सरकेल तशी एक मजूर ती दिवसांतून तीनचार वेळां ढकली. या उष्णतेवर अडीच अश्वशक्तीचें वाफेचें एंजिन त्यानें आपल्या बंगल्याच्या आवारांत पंधरवडाभर चालविलें. त्याचें पुस्तक १८७८ सालीं मुंबईस प्रसिद्ध झालें. उष्ण देशांत सूर्यताप हा सरपणाचा बदली होऊं शकतो, असें त्याचें प्रतिपादन होतें. याच गृहस्थानें आरशांची एक चूलहि केली होती, आणि जानेवारीच्या थंडींत तिच्यावर सात शिपायांचा शिधा दोन तासांत शिजला. एंजिनाच्या गवगव्यांत ही चूल मागें पडली. पण आमच्या मतें खरी दूरदृष्टि त्या चुलींतच होती. तें कसें, हें पुढें दिसून येईल.

अ‍ॅडम्सचें यंत्र चाललें. परंतु तें चालून कोणाच्या उपयोगीं पडलें नाहीं. याचें कारण यंत्रांतील दोष नव्हे, तर कोळसा होय. सुवेझचा कालवा १८६९ सालींच खुला झाला होता आणि देशांत आगगाडीचें जाळें वाढत होतें. एकोणिसावें शतक संपतां संपतां निजामच्या राज्यांत सिंगरेणीच्या खाणी सुरू झाल्या. १९०० सालीं मनमाड-सिकंदराबाद रस्ता पुरा होऊन नांदेडास आगगाडी आली, आणि पुढें त्या गांवांत उस्मानशाही गिरणीची चिमणी उभी राहिली. बार्शी लाइट रेल्वेची लहान गाडी १९११ सालीं लातुरास पोंचली. ती बांधणारे एव्हरार्ड कॅल्थ्रॉप स्वतः एक नामांकित पेटंटधारक होते. विमानांतून सुखरूप उतरण्याच्या छत्रीविषयींचे त्यांचे शोध प्रसिद्ध आहेत. ज्या रुळांवरून मराठवाड्याचा कापूस बाहेर गेला, त्याच रुळांवरून कोळसा आंत आला. दाराशीं कोळसा येऊन पडूं लागल्यावर ऊन पकडण्याची उठाठेव कोण करतो? मिसर देशांत मादी येथें अमेरिकन शोधक फ्रँक शूमन यानें १९१३ सालीं सूर्यतापावर नाईलचें पाणी उपसून दाखविलें. तेंहि वर्षभरांत आलेल्या महायुद्धानें व त्यामागून आलेल्या खनिज तेलानें गिळून टाकिलें. पेटंट शोधकाचें नकलेपासून रक्षण करतें. स्वस्त इंधनापासून त्याचें रक्षण करण्याची शक्ति कोणत्याहि कायद्यांत नाहीं.

आतां लातूरकडे वळूं. मुंबईच्या आय. आय. टी. मधील संशोधनांतून आणि क्लिक या संस्थेच्या उद्योगांतून ‘अरुण’ नांवाची एक मोठी आरशांची थाळी तयार झाली. प्रा. शिरीष केदारे यांचें नांव तिच्याशीं निगडित आहे, आणि ती येथेंच घडलेली व पेटंट घेतलेली आहे. २००६ सालीं तिची उभारणी लातूरच्या महानंद दुग्धालयांत झाली. सुमारें १६० चौरस मीटर क्षेत्राची ही थाळी लहान लहान सपाट आरसे जुळवून केलेली. अ‍ॅडम्सची काटकसर तीच, मात्र मजुराऐवजीं येथें स्वयंचलित यंत्र तिला दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरवितें. कवडशाच्या जागीं दाबाखालीं ठेवलेलें पाणी सुमारें १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापतें, तें उष्णता राखणाऱ्या टांकींत सांठवितात, आणि त्या उष्णतेवर दुधाचें पाश्चरीकरण होतें. चांगल्या उन्हाच्या दिवशीं यामुळें बॉयलरचें ८० ते १०० लिटर भट्टीतेल वांचतें, असा अनुभव नोंदलेला आहे.

येथें अ‍ॅडम्सच्या चुलीची आठवण व्हावी. उष्णतेपासून गति निर्माण करूं गेलें कीं लहान एंजिनांत तिचा बहुतेक भाग वायां जातो. दहांतला एक भाग हातीं लागला तरी पुष्कळ. परंतु दुधास गति नको असते, उष्णताच हवी असते, आणि तीहि माफक. पंधरा सेकंद ७२ अंश मिळाले कीं पाश्चरीकरण झालें. तेव्हां सूर्याची उष्णता उष्णता म्हणूनच वापरणें हा शहाणपणाचा मार्ग. मुंबईच्या त्या हौशी अधिकाऱ्यास तो सांपडला होता; पण त्या काळाचे डोळे एंजिनाच्या चाकाकडे लागलेले होते. दूध, साखर, कापडाची रंगाई, भाताची उकड, नांदेडच्या गुरुद्वाऱ्यांतील लंगरासारख्या मोठ्या पाकशाळा, या सर्वांची गरज भट्टीच्या ज्वाळेची नसून अशा माफक उष्णतेचीच आहे.

पेटंटाविषयीं एक शंका वाचकांच्या मनांत येईल. सूर्य सर्वांचा, मग त्यावर हक्क कशाचा? हक्क सूर्यावर नसतो, आरसे जुळविण्याच्या रीतीवर असतो. शिवाय दुसराहि मार्ग आहे. वुल्फगांग शेफलर या शोधकानें आपल्या आरशांची रचना पेटंट न घेतां जगास मोकळी करून दिली. शिर्डीच्या साईबाबा संस्थानांत २००९ पासून ज्या ७३ थाळ्यांवर प्रसादालयाची वाफ होऊं लागली, त्या याच जातीच्या. एक शोध हक्काखालीं वाढला, दुसरा दानानें. महाराष्ट्रांत दोहोंसहि जागा मिळाली. दोहोंची खरी कसोटी मात्र एकच. आरशावरची धूळ रोज कोण पुसणार, बिघडलेला सांधा गांवांतल्या गांवांत कोण नीट करणार, आणि ढगाळ दिवशीं बॉयलर पेटवितांना ‘हें यंत्र निरुपयोगी’ असें न म्हणण्याइतका धीर कोण धरणार? याचें उत्तर पेटंटाच्या कागदांत सांपडत नाहीं. तें कारखान्याच्या माणसांत सांपडावें लागतें.

म्हणून आमचें तरुणांस सांगणें इतकेंच कीं, शोध म्हणजे परदेशांतून येणारी वस्तु, ही समजूत त्यांनीं सोडावी. आजच्या कायद्यानें पेटंटाची मुदत वीस वर्षांची आहे. ती संपल्यावर शोधकाचें लेखन कोणासहि वापरण्यास मोकळें होतें. तें सरकारी दप्तरांत वाचावयास मिळतें आणि त्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. नांदेडच्या व लातूरच्या तंत्रविद्यालयांतील मुलांनीं जर हीं लेखनें अभ्यासिलीं, आणि आपल्या गांवच्या उन्हास, धुळीस व खर्चास सोसतील अशा सुधारणा त्यांत केल्या, तर कुलाब्याच्या आवारांत पंधरा दिवस चालून थांबलेल्या त्या चाकाचें ऋण फिटेल. मराठवाड्यास पाणी मागून मिळत नाहीं. ऊन मात्र न मागतां मिळतें. तें भट्टींत घालावयाचें कीं डोक्यावर सोसावयाचें, एवढेंच ठरविणें आपल्या हातीं आहे.