एंजेन्यू द देन्त्रूचे चित्रदप्तर

रिओ द जानेरोच्या उत्तरभागातील एंजेन्यू द देन्त्रू हे रेल्वेच्या कारखान्यांभोवती वाढलेले कामगारांचे उपनगर. तेथील राष्ट्रीय मनोरुग्णालयात विजेचे झटके आणि मेंदूवरील शस्त्रक्रिया हेच अद्ययावत इलाज मानले जात असताना १९४६ साली एका स्त्री-डॉक्टरने रुग्णांच्या हाती रंग, कुंचले आणि ओली माती दिली. कलेचा चिकित्सेशी संबंध जोडणारे प्रयत्न त्या सुमारास इतरत्रही चालू होते. इंग्लंडात एड्रियन हिल या चित्रकाराने क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात, तर एडवर्ड अ‍ॅडम्सन यांनी नेदर्न येथील मनोरुग्णालयात ही वाट चोखाळली होती. परंतु रुग्णाने काढलेले चित्र हे त्याच्या अंतरंगाची बखर आहे, आणि बखरीप्रमाणेच ते पहिल्या पानापासून क्रमाने वाचले पाहिजे, हा आग्रह जितक्या निष्ठेने एंजेन्यू द देन्त्रूमध्ये धरला गेला तितक्या निष्ठेने तो अन्यत्र क्वचितच धरला गेला असेल.

त्या डॉक्टर म्हणजे नीझी दा सिल्व्हेरा. ईशान्य ब्राझीलमधील मासेयो गावी १९०५ साली जन्मलेल्या या बाई बाहिया येथील वैद्यकशाळेतून १९२६ साली पदवी घेऊन बाहेर पडल्या, तेव्हा दीडशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या त्या वर्गात त्या एकट्याच स्त्री होत्या. मार्क्सवादी पुस्तके बाळगल्याच्या तक्रारीवरून १९३६ साली त्यांना अटक झाली आणि वर्ष-दीड वर्ष त्यांनी तुरुंगवास सोसला. कादंबरीकार ग्रासिलियानो रामोस हे त्याच तुरुंगात होते व पुढे आपल्या कारावासाच्या आठवणींत त्यांनी या डॉक्टरांचे चित्र रेखाटले आहे. सरकारी सेवेत पुन्हा रुजू होण्यास १९४४ साल उजाडले. कुलपाच्या आतील बाजूने जग कसे दिसते हे जिने अनुभवले होते, तिला मनोरुग्णालयाच्या कोठड्या अन्य वैद्यांना दिसत त्याहून निराळ्या दिसल्या असतील, असे मला निश्चित वाटते.

झटक्याच्या यंत्राची कळ दाबण्यास त्यांनी साफ नकार दिला. मग त्यांच्याकडे व्यवसायोपचाराचे खाते आले, ज्यास त्या काळी कोणतीच प्रतिष्ठा नव्हती, कारण रुग्णांकडून झाडलोट करवून घेणे यापलीकडे त्याचा अर्थ कोणी केलेला नव्हता. अल्मीर माविन्येर या तरुण चित्रकाराच्या साहाय्याने त्यांनी तेथे चित्रशाळा उघडली. कोणी काय काढावे हे सांगावयाचे नाही, नमुना समोर ठेवावयाचा नाही, चूक दुरुस्त करावयाची नाही. मायेचे एखादे माणूस शेजारी शांतपणे बसून असावे, एवढाच तेथील दंडक. अशा स्थिर स्नेहाच्या सान्निध्यातच विस्कटलेले मन पुन्हा जुळू लागते असा त्यांचा सिद्धांत होता, आणि पुढे आवारात सापडलेली बेवारस कुत्री त्यांनी रुग्णांच्या हवाली केली तीही याच श्रद्धेने. प्रत्येक चित्रावर तारीख घालून ते कर्त्याच्या नावे क्रमवार जपून ठेवले जाई, कारण सुटे चित्र फार थोडे बोलते, माला मात्र कथा सांगते, हे त्यांनी ओळखले होते.

आदेलिना गोमेस हिचेच उदाहरण घ्यावे. गरीब घरची ही मुलगी अठराव्या वर्षी एका तरुणावर अनुरक्त झाली. आईने मोडता घातला. मुलगी मिटत गेली, आणि एके दिवशी घरातील मांजरीचा गळा तिने आवळला. १९३७ साली ती रुग्णालयात आली. तिच्या चित्रांतून स्त्री फूल होते, देहाला पाने फुटतात, मनुष्यरूप वनस्पतीत विरघळते. मागे लागलेल्या देवापासून पळता पळता लॉरेल वृक्ष झालेल्या दाफ्ने या ग्रीक अप्सरेची कथा या बाईच्या हातून, तिने ती कधी ऐकली नसताना, पुन्हा सांगितली जात आहे, असे सिल्व्हेरांना जाणवले. इतर रुग्णांच्या चित्रांत वारंवार उमटणारी वर्तुळे पाहून त्यांनी १९५४ साली त्यांची छायाचित्रे कार्ल युंग यांजकडे पाठविली. ही मंडलेच आहेत, फुटलेले मन स्वतःस सावरण्यासाठी ती रचते, असा अभिप्राय आला. पुढे भेटीत युंग यांनी पुराणकथांचा अभ्यास करण्याचा सल्ला त्यांना दिला. ज्यांच्या घरी उंबऱ्याशी रोज रांगोळी रेखली जाते आणि कीर्तनात आख्यान लावले जाते, अशा आपल्यासारख्यांना हा सल्ला अपरिचित वाटू नये.

या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण १९४९ सालचे आहे. त्या वर्षी साओ पाउलोच्या आधुनिक कलासंग्रहालयात एंजेन्यू द देन्त्रूच्या नऊ कलावंतांचे प्रदर्शन भरले. मातीचे भव्य योद्धे घडविणारा लूसियो नोएमान हा त्यांपैकी एक. त्याच वर्षी, सिल्व्हेरांचा विरोध डावलून, त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करण्यात आली, आणि नंतर त्याच्या हातून निघालेल्या वस्तू शेजारी ठेवल्या असता काय हिरावले गेले हे सांगण्यास वैद्यकीय अहवालाची गरज उरत नाही. या शस्त्रक्रियेच्या जनकास, एगास मोनिझ यांस, नोबेल पारितोषिक मिळाले तेही १९४९ सालीच.

१९५२ साली त्या चित्रांचे संग्रहालय स्थापन झाले. चित्रे विकण्यास सिल्व्हेरांचा कायम विरोध होता, कारण एक चित्र गेले तरी मालेचा धागा तुटतो. बरे होऊन घरी गेलेले रुग्ण फिरून भरती होतात हे पाहून १९५६ साली त्यांनी ‘कासा दास पाल्मेइरास’ ही संस्था काढली, जेथे दार उघडे असे आणि गणवेष कोणाच्याच अंगावर नसे. १९५७ साली झुरिचच्या जागतिक मनोविकारपरिषदेत संग्रहातील चित्रांचे प्रदर्शन युंग यांनीच उघडले. १९९९ साली सिल्व्हेरा निवर्तल्या. संग्रह आज साडेतीन लाखांहून अधिक कृतींचा आहे. रुग्णालयास त्यांचेच नाव दिलेले असून २०२१ साली तेथील शेवटचे अंतर्रुग्ण बाहेर पडले, चित्रशाळा मात्र चालू आहे.