मैदान कोणाचे? : एका बचावपटूच्या निमित्ताने

आपल्याकडे खेळाचा इतिहास लिहिला जातो तो गोल करणाऱ्यांचा आणि शतके ठोकणाऱ्यांचा. ज्याने गोल होऊ दिला नाही त्याच्यासाठी या इतिहासात रकाना नसतो. बचावपटूने आपले काम चोख केले की काहीच घडत नाही. आणि जे घडले नाही त्याची नोंद कोण ठेवणार? चूक झाली की मात्र त्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. श्रमाच्या इतिहासाचीही हीच रीत आहे. गटार वाहते तोवर सफाई कामगार कोणाला दिसत नाही. ते तुंबले की साऱ्या गल्लीला त्याची आठवण होते. म्हणूनच एका बचावपटूच्या कारकिर्दीकडे आपण आपल्या नजरेने पाहावे, असे मला वाटते.

लोइतोंगबम आशालता देवी ही मणिपूरची खेळाडू. जन्म इंफाळचा, 1993 चा. 2011 पासून ती भारताच्या वरिष्ठ महिला संघातून बचावफळीत खेळू लागली. पुढे ती संघाची कर्णधार झाली. 2019 मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धेचे विजेतेपद भारताने तिच्याच नेतृत्वाखाली राखले. सेतू, गोकुलम, ईस्ट बंगाल या संघांबरोबर ती देशातील महिला लीगच्या विजेतेपदांची वाटेकरी ठरली. ऑक्टोबर 2024 मध्ये काठमांडूला पाकिस्तानविरुद्ध ती मैदानात उतरली, तेव्हा शंभर आंतरराष्ट्रीय सामने खेळणारी ती पहिली भारतीय महिला फुटबॉलपटू ठरली. शंभर सामने! पुरुषांच्या क्रिकेटमध्ये हा आकडा गाठणाऱ्याच्या नावाने चौक उभे राहतात. आशालताचे नाव आपल्या महाविद्यालयांतील किती विद्यार्थ्यांना सांगता येईल?

या कारकिर्दीतील एक दिवस आपल्या ठाणे जिल्ह्यातला आहे. 20 जानेवारी 2022. आशियाई महिला स्पर्धा त्या वर्षी मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे भरली होती. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारताची गाठ इराणशी पडली. सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. भारताला गोल करता आला नाही हे खरे. पण आशालताच्या बचावफळीने गोल होऊही दिला नाही. तीन दिवसांनी संघात करोनाची इतकी लागण झाली, की चिनी तैपेईविरुद्ध उतरण्यासाठी आवश्यक तेवढ्या खेळाडू उरल्या नाहीत. भारत स्पर्धेतून बाहेर पडला आणि नियमानुसार त्याचा आधीचा सामनाही रद्दबातल धरला गेला. म्हणजे बचावपटूने नव्वद मिनिटे जे राखले, ते स्पर्धेच्या गुणतक्त्यातून पुसलेच गेले. रोगापुढे इलाज नव्हता हे मान्य. परंतु ज्यांच्या श्रमाची नोंद मुळातच विरळ असते, त्यांची पुसली गेलेली एक ओळही फार मोठी असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको.

कोणी विचारील, मणिपूरच्या या मुलीशी आपल्या चळवळीचा संबंध काय? तिची जात शोधण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझा प्रश्न मैदानाचा आहे. बचावपटूचे सारे काम जमीन राखण्याचे असते. 'इथून पुढे नाही' असे तिला अंगाने सांगावे लागते. आणि आपल्या समाजव्यवस्थेने स्त्रीला व दलिताला जर काही शिकवले असेल, तर ते याच्या नेमके उलटे: जागा सोडा, कडेने चाला, अंग चोरा. मी कल्याणला वाढले. आमच्या शाळेचे मैदान मोठे होते, पण मधला भाग मुलांचा होता. आम्ही मुली भिंतीलगत लंगडी आणि दोरीउड्या खेळायचो. तसा नियम कोणी लिहिलेला नव्हता. तो पाळण्यासाठी लिहावा लागत नव्हता. वस्तीतून येणाऱ्या आम्हा दोघी-तिघींना तर त्या भिंतीलगतचाही कोपरा ठरलेला होता.

कल्याणहून ठाण्याला जाताना डोंबिवली, दिवा सोडले की मुंब्रा लागते. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून उखडलेली हजारो मुसलमान कुटुंबे इथे आली आणि डोंगर व खाडी यांच्या बेचक्यात दाटीवाटीची वस्ती वाढत गेली. जिथे घराला जागा नाही तिथे मैदान कुठले? आणि असलेच तर ते मुलींचे कुठले? या मुंब्र्यात 2012 साली 'परचम' या गटाच्या मुलींनी फुटबॉल हाती घेतला. बुरखा घालून आलेल्या मुली चेंडूमागे धावू लागल्या. विरोध घरातून झाला, गल्लीतून झाला. तेव्हा त्या मुलींनी जे केले ते मला त्यांच्या खेळाहूनही मोलाचे वाटते. त्यांनी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या आणि मुलींसाठी राखीव मैदानाची मागणी लोकप्रतिनिधींपुढे मांडली. दया मागितली नाही, हक्क मागितला. आणि मैदान मिळवले. सावित्रीबाई आणि फातिमा शेख यांची नावे एका दमात घेणारी ही मुलींची पिढी आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी लक्षात घेतले पाहिजे.

स्त्रियांना फुटबॉलपासून दूर ठेवायचे तर खेळावर बंदी घालावी लागत नाही. मैदान काढून घेतले की पुरते. याचा धडा खुद्द इंग्लंडने दिला आहे. 1920 च्या डिसेंबरात लिव्हरपूल येथे कारखान्यातील कामगार स्त्रियांच्या 'डिक, कर' संघाचा सामना पाहायला सुमारे 53,000 माणसे जमली होती. वर्षभरातच, डिसेंबर 1921 मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने फर्मान काढले, की आपल्या सभासद क्लबांनी स्त्रियांच्या सामन्यांना मैदाने देऊ नयेत. खेळ स्त्रीला मानवत नाही, असे कारण दिले गेले. ही बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. आपल्याकडे असे फर्मान निघाले नाही. दुर्लक्षानेच ते काम भागले. 1975 मध्ये महिलांना स्वतःची वेगळी संघटना काढावी लागली. त्या संघटनेच्या काळात भारतीय महिला 1980 मध्ये कालिकतला आणि 1983 मध्ये थायलंडमध्ये आशियाई उपविजेत्या ठरल्या. 1983 मध्ये शांती मलिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यानंतरच्या महिला फुटबॉलपटूला, ओइनाम बेमबेम देवी यांना, तो मिळायला 2017 साल उजाडावे लागले. मधली चौतीस वर्षे देशात कोणी स्त्री फुटबॉल खेळलीच नाही काय?

खेळाच्या मैदानावर जात गळून पडते, असे भाबडेपणाने म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांना पाळवणकर बाळूंची आठवण करून द्यावी लागते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणारा हा चर्मकार समाजातील गोलंदाज पुण्यात संघासोबत खेळे. पण चहाच्या वेळी त्याला मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा दिला जाई. म्हणजे त्याने टाकलेला चेंडू चाले, त्याने धरलेला कप चालत नसे. क्रिकेटमध्ये माणसामाणसात अंतर असते. ते पाळून खेळता येते. फुटबॉल तसा नाही. बचावपटूला समोरच्याच्या खांद्याला खांदा भिडवावा लागतो, आडवे पडावे लागते, मातीत लोळावे लागते. शिवाशिवीवर आणि स्त्रीच्या अंगावरील पहाऱ्यावर जी व्यवस्था उभी आहे, तिला हा खेळ मुळातच नडतो. मुलीने फुटबॉल खेळण्याला होणारा विरोध तिच्या उघड्या पायांपुरता नाही. तिने अंग न चोरण्याला तो विरोध आहे.

20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याची ओंजळ घेतली, तेव्हा प्रश्न तहानेचा नव्हता. सार्वजनिक जागा कोणाची, हा होता. तोच प्रश्न पुढे संविधानाच्या कलम 15 च्या दुसऱ्या उपकलमात येऊन बसला. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सरकारी पैशाने राखलेली वा लोकांसाठी खुली केलेली सार्वजनिक ठिकाणे यांच्या वापराला धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून आडकाठी करता येणार नाही, असे ते कलम सांगते. जात आणि लिंग हे दोन्ही शब्द तिथे एकाच वाक्यात आहेत. तळे आणि मैदान यांचा कायदा एकच आहे! तळ्याचा लढा आपण आपला मानला. मैदानाचा मानला नाही. ही आपल्या चळवळीतील उणीव आहे आणि ती मान्य केली पाहिजे.

मान्य केली नाही तर काय होते, याचे उदाहरण समोर आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. भारताची कर्णधार होती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील आदिवासी मुलगी अष्टम उरांव; तीही बचावपटूच. ती कर्णधार झाल्यावर प्रशासनाला तिच्या गावाच्या रस्त्याची आठवण झाली. रस्ता सुरू झाला आणि त्या रस्त्यावर मजुरी करीत होते तिचेच आईबाप! ज्या लेकीच्या कीर्तीने रस्ता आला, त्याची खडी तिच्याच आईने वाहायची, याहून या देशाच्या प्रगतीचे नेमके चित्र कोणते? त्या स्पर्धेत भारताने तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले. टीका करणाऱ्यांनी गोल मोजले. रस्त्याशिवाय, मैदानाशिवाय ती मुलगी तिथवर पोचली कशी, हे मोजण्याची तसदी कोणी घेतली?

त्या विश्वचषकाचा अंतिम सामना 30 ऑक्टोबरला नेरूळच्या त्याच स्टेडियममध्ये झाला. स्पेनने कोलंबियाला एका गोलने हरवले; आणि तो एकमेव गोल कोलंबियाच्या बचावपटूच्या पायाला लागून स्वतःच्याच जाळ्यात गेला होता. त्या एका क्षणासाठी तिचे नाव कायमचे नोंदले गेले. त्याआधी तिने अडवलेले चेंडू कुठेच नोंदलेले नाहीत.

नेरूळचे झगमगते स्टेडियम आणि मुंब्र्याच्या मुलींचे मैदान एकाच जिल्ह्यात आहेत. एकात जग येऊन खेळून जाते. दुसऱ्यासाठी मुलींना दारोदार सह्या मागाव्या लागतात. या दोहोंमधले अंतर किलोमीटरमध्ये मोजता येणार नाही. कल्याण-डोंबिवलीत, ठाण्यात, आपापल्या गावी आपण एवढे तरी करू शकतो: शाळेच्या मैदानाच्या मध्यभागी कोण खेळते, ते संध्याकाळी जाऊन पाहणे. शिक्षकांनी खेळाचा तास गणिताला देणे थांबवावे. विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीतील खेळलेल्या आणि लग्नानंतर खेळ सुटलेल्या स्त्रियांची नावे लिहून काढावीत. कार्यकर्त्यांनी 14 एप्रिलच्या कार्यक्रमपत्रिकेत मुलींचा फुटबॉल सामना घालावा आणि त्यासाठी नगरपालिकेकडे मैदान मागावे. मिळाले नाही तर कलम 15 ची प्रत जोडून पुन्हा मागावे.

आशालताने शंभर सामने जमीन राखली. आपल्या लेकींना राखायला आधी जमीन मिळवून देणे, हे काम आपले आहे.