नातवंडांना काय ऐकवावं? माळव्यातले तिघे

आपल्या इंदूर-देवासकडच्या घरांतल्या नातवंडांना मराठी समजतं, पण ती बोलतात हिंदीत आणि मराठी वाचत तर नाहीतच. त्यांना पुस्तकाआधी गाणं द्या, तेही माळव्यापासून.

पहिल्या लताबाई. जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९. सिनेमाची गाणी मुलांना ठाऊक असतातच. तुम्ही श्रीनिवास खळ्यांच्या चालींचे 'अभंग तुकयाचे' लावा. मुलं शब्दांचा अर्थ विचारतील, तेव्हा समजावून सांगा. मराठी अशीच घरात राहते.

दुसरे कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावीचे, मायबोली कानडी. क्षय झाला म्हणून १९४८ साली कोरड्या हवेसाठी देवासला आले. काही वर्षं गाणं बंद. त्या काळात माळवी लोकगीतं, नाथपंथी साधूंची भजनं कानावर पडत राहिली आणि पुढे त्यांच्या गाण्यात उतरली. त्यांची निर्गुणी भजनं ऐकाच.

तिसरे इंदूरचे उस्ताद अमीर खाँ. त्यांची मारवा आणि दरबारीची एलपी घ्या. लय फार संथ, मुलं आधी कंटाळतील. रोज दहा मिनिटंच लावा.

बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींनी आपापल्या गावचं कोण, ते खाली जरूर लिहावं.