वॉर्म स्प्रिंग्जचं पाणी

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या वॉर्म स्प्रिंग्ज गावी जमिनीतून सुमारे 31 अंश सेल्सिअसचं कोमट पाणी येतं. ऑक्टोबर 1924 मध्ये, पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले फ्रँकलिन रूझवेल्ट तिथे आले, तेव्हा पोलिओने त्यांच्या पायांतलं बळ जाऊन तीन वर्षं उलटली होती. तिथे पोहून एका पोलिओग्रस्त तरुणाचे पाय सुधारले, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

पोलिओचे पाय प्लास्टरमध्ये नाहीतर फळ्यांना बांधून निश्चल ठेवायचे, असा त्या काळच्या वैद्यकाचा शिरस्ता होता. पाण्यात उतरल्यावर तेच पाय हलू लागत. लोकांना वाटे, हा गुण खनिजांचा. खरा आधार होता पाण्याच्या उचलून धरण्याचा. छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं, की पायांवर शरीराच्या वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा पडतो. जमिनीवर तसूभर न हलणारी मांडी पाण्यात बाजूला सरकते आणि थोडाफार जीव उरलेला स्नायू कामाला लागतो. पाणी कोमट असल्याने अंग काकडत नाही, व्यायाम बराच वेळ करता येतो. पोलिओने मेलेली चेतापेशी मात्र कुठलंच पाणी परत आणत नाही. रूझवेल्ट स्वतः आधाराशिवाय पुन्हा कधी चालले नाहीत.

वर्तमानपत्रात त्यांच्यावर लेख आला आणि 1925 मध्ये पोलिओचे रुग्ण न बोलावता येऊन थडकले. रूझवेल्टच पाण्यात उतरून त्यांना व्यायाम शिकवू लागले. पुढे तिथे पाण्याखाली टेबलं बसवली गेली. रुग्णाला त्यावर निजवून एकेक स्नायू वेगळा हलवून घेत. 1926 मध्ये त्यांनी ती जागा विकत घेतली, अस्थितज्ज्ञ लेरॉय हबर्ड यांना बोलावलं, आणि 1927 मध्ये संस्था उभी राहिली. रुग्णांनी आधी करून पाहिलं, वैद्यक मागून आलं. या उपचाराच्या कुळकथेत मला हेच सगळ्यांत मोलाचं वाटतं.

पण कृष्णवर्णीय रुग्णांना तिथे दारं बंद होती. त्यांच्यासाठी अलाबामात टस्कीगीला पोलिओ केंद्र निघायला 1941 उजाडलं. याच रूझवेल्टांच्या नावाने गौरवलेल्या जागेवरचा हा अन्याय वगळून ही कथा सांगता येत नाही.

पाण्यातल्या उपचाराला पुढे इतर वाटाही फुटल्या. 1949 मध्ये जेम्स मॅकमिलन यांनी लंडनच्या हॅलिविक शाळेतल्या अपंग मुलींना पोहायला शिकवताना पाण्यात तोल सांभाळण्याची पद्धत बसवली. 1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या हार्बिन झऱ्यांवर हॅरॉल्ड डल यांनी शियात्सू या जपानी मर्दनपद्धतीतले ताण पाण्यात तरंगणाऱ्या माणसाला द्यायला सुरुवात केली. त्यातून ‘वात्सू’ घडलं. त्यात माणूस डोळे मिटून उपचारकाच्या हातांवर अंग सैल सोडतो. वॉर्म स्प्रिंग्जला मात्र भर रुग्णाच्या स्वतःच्या मेहनतीवर असे.