पाठीमागची गोष्ट

माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, ही देवाने केलेली मोठी सोय आहे असं मी साठ वर्षं समजत होतो. पोट दिसतं म्हणून त्याची काळजी, टक्कल दिसतं म्हणून त्याची चिंता. पाठीचं तसं काही नाही. लोक ती थोपटतात, आपण ती संकटाकडे फिरवतो आणि रात्री तिच्यावर झोपतो. इतक्या गरीब स्वभावाच्या अवयवाने कधी तक्रार केली नव्हती. ती तिने दसऱ्याला, माळ्यावरची समई काढताना, एकदम केली.

डॉक्टरांनी फोटो पाहिला. म्हणाले, "हाडं ठीक आहेत. वर मांस नाही. काहीतरी ओढायचे व्यायाम करा."

अशा रीतीने अस्मादिक जिममध्ये दाखल झाले. तिथल्या पोराने माझ्या हातात एक लांब लोखंडी दांडा दिला. "काका, हा नुसता बार. वीस किलो. प्लेटा नंतर." वीस किलोला 'नुसता' म्हणणाऱ्या पिढीपुढे काय बोलणार? "पाय खांद्याएवढे फाकवा, गुडघे थोडे सैल सोडा, कमरेतून पुढे वाका. बार लोंबकळू द्या आणि बेंबीकडे ओढा. हाताने नाही, कोपरं मागे नेऊन. आणि काका, वाकायचं, पण पाठ वाकवायची नाही."

हे शेवटचं वाक्य मला नोकरीत असताना कोणी सांगितलं असतं तर आयुष्य वेगळं झालं असतं.

"याला म्हणतात काय?"

"बार्बेल रो."

"रो म्हणजे रांग?"

"नाही हो काका, वल्हवणं. होडीतलं."

झालं! मला एखादा शब्द सापडला की व्यायाम थांबतो. घरी येऊन पुस्तकं काढली, आणि पाठीवर बाम चोळून घेत वाचत बसलो.

'डंबेल' म्हणजे चक्क 'मुकी घंटा'. इंग्लंडात चर्चच्या जड घंटा दोर ओढून वाजवीत. ते ओढणं अंगाला चांगलं म्हणून लोकांनी घरात तसंच दोराचं यंत्र बसवलं, फक्त घंटा काढून टाकली. जोसेफ ॲडिसन नावाच्या लेखकाने १७११ साली 'स्पेक्टेटर' पत्रात लिहून ठेवलं आहे, की खोलीच्या कोपऱ्यातल्या असल्या मुक्या घंटेवर तो रोज सकाळी तासभर मेहनत करी, आणि घरमालकीण व तिच्या मुली त्या वेळात त्याला त्रास देत नसत. पुढे दोर गेला, नाव हातातल्या वजनांना चिकटलं, आणि लांब दांड्याची झाली बार्बेल.

वल्हवण्याची गोष्ट तर त्याहून जुनी. अथेन्सच्या लढाऊ जहाजावर एकशे सत्तर वल्हेकरी असत. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात खाब्रियास नावाच्या सेनापतीला नवखे वल्हेकरी मिळाले. त्याने त्यांना किनाऱ्यावर लाकडांवर बसवून कोरड्या जमिनीवरच वल्हवायला शिकवलं. पाण्याशिवाय वल्हवण्याची तालीम ती हीच. १९१२ साली बुडालेल्या 'टायटॅनिक'वर व्यायामशाळा होती आणि तिच्यात वल्हवण्याचं यंत्र होतं. वर पहिल्या वर्गातले उतारू हौसेने खोटी वल्ही ओढताहेत आणि खाली तळाशी काळेकुट्ट झालेले लोक भट्टीत खरा कोळसा लोटताहेत! पाठी दोघांच्याही राबत होत्या. व्यायाम मात्र वरच्यांचाच म्हणायचा.

आमचा पोरगा इतिहासात कच्चा नाही. त्याने मला डोरियन येट्स सांगितला. बर्मिंगहॅमचा हा गडी १९९२ ते १९९७ सलग सहा वेळा मिस्टर ऑलिंपिया झाला, आणि तो गाजला पाठीमुळे. तो हा व्यायाम तळवे वर करून, उताणी पकड धरून करी. त्यात दंडावर फार ताण येतो. १९९४ साली ओढता ओढताच त्याच्या डाव्या दंडाचा स्नायू फाटला. "म्हणून तुम्ही तळवे खालीच ठेवा," पोरगा म्हणाला. माझा दंड फाटण्याइतका आहे, असा विश्वास दाखवल्याबद्दल मी त्याचे मनोमन आभार मानले.

पण एक कोडं सुटेना. आपल्याकडे जोर, बैठका, औंधच्या भवानरावांनी घरोघर नेलेले सूर्यनमस्कार, यांत सगळं जमीन ढकलणंच. ओढणं कुठे आहे? दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुढे आणलेल्या मल्लखांबात ते आहे, तालमीतला हौदा खणताना आहे. पण घरी?

घरी विहीर होती.

आमच्या गावच्या विहिरीला रहाट नव्हता. सकाळी मी अंगणात पंचवीस सूर्यनमस्कार घालायचो आणि पलीकडे आई पाणी शेंदायची. पाय फाकवून, काठावर वाकून, कोपरं मागे नेत. पाठ सरळ. रोजचे चाळीस पोहरे. आज वीस किलोचा बार धरल्यावर मला कळलं, की बार्बेल रो मी लहानपणापासून बघत आलोय. फक्त बघणाऱ्याची पाठ तिकडे होती.

"एक रहाट बसवून घ्या हो," असं ती वडिलांना म्हणे. "पुढच्या वर्षी पाहू." कारण मला शरीर कमवायचं होतं, आणि दूध-बदामाचा खर्च होता. शाळेत 'स्थिर कप्पीने बळ वाचत नाही, फक्त बळाची दिशा बदलते' असं लिहून मी पैकीच्या पैकी गुण मिळवले. दिशा बदलली की माणसाला वाकावं लागत नाही, उभं राहून, अंगाचा भार टाकून ओढता येतं, हे पुस्तकात नव्हतं. ते मागच्या अंगणात होतं. वडिलांनी गुण पाहून माझी पाठ थोपटली. आई तेव्हा विहिरीवर होती.

रहाट शेवटपर्यंत आला नाही. मला नोकरी लागली तेव्हा एकदम पंपच आला. मी काहीतरी मोठं केलं अशा थाटात बटण दाबलं. आईने नळाखाली हात धरला आणि म्हणाली, "एवढंच होतं होय रे?"

आता मी आठवड्यातून दोनदा जातो. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलोच्या प्लेटा चढल्या आहेत. पोरगा बाजूला उभा राहून आकडे मोजतो. मी मनात पोहरे मोजतो. दहा, वीस, तीस.

"बास काका, झालं!" तो म्हणतो.

मी बार खाली ठेवतो. अजून दहा बाकी असतात, आणि ते सगळं पाणी उचलून घरात न्यायचं राहिलेलंच असतं.