राज्य जेव्हा आरोपी होते



आम्ही कायदेपंडित नव्हे. आमचे कायद्याचे शिक्षण झाले ते कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. तेथे एक गोष्ट वारंवार पाहिली. कारखान्यात अपघात होऊन माणूस दगावला की चौकशी मुकादमापर्यंत येते आणि तेथेच थांबते. करारावर सही करताना कंपनी ही कायद्याने व्यक्ती असते. अपराधाचा प्रश्न निघाला की ती व्यक्ती कोठे दिसतच नाही. वेस्पासियन पेल्ला या रुमानियन पंडिताने हाच प्रश्न साक्षात राज्याबद्दल विचारला होता, हे वाचनात आले तेव्हा आम्हाला त्यांच्याविषयी आपुलकी वाटली.

पेल्ला यांचा जन्म १८९७ साली यासी शहरी झाला. पहिल्या महायुद्धात लक्षावधी माणसे मेली. पण ते युद्ध पुकारणाऱ्यांना जाब विचारणारे न्यायासन नव्हते. १९२४ साली पॅरिसला आंतरराष्ट्रीय फौजदारी कायद्याची परिषद स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत पेल्ला होते. पुढच्याच वर्षी त्यांनी राज्यांच्या सामूहिक गुन्हेगारीवर ग्रंथ लिहिला, आणि वॉशिंग्टनला भरलेल्या आंतरसंसदीय परिषदेपुढे हाच विचार मांडला. त्यांचे म्हणणे सरळ होते. आक्रमक युद्ध हा गुन्हा आहे. त्याबद्दल राज्याला शासन झाले पाहिजे, आणि राज्याच्या नावाआड बसून हुकूम सोडणाऱ्या माणसांनाही. त्यासाठी आगाऊ लिहिलेला कायदा हवा आणि कायमचे न्यायालय हवे.

सरकारांनी हे ऐकून घेतले आणि बाजूला ठेवले. मग ९ ऑक्टोबर १९३४ रोजी मार्सेय येथे युगोस्लाव्हियाचे राजे अलेक्झांडर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या प्रसंगात राजे आणि फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री बार्तू, दोघेही मरण पावले. राजाचा खून होताच सरकारे जागी झाली. राष्ट्रसंघात पेल्ला यांनी पुष्कळ खटपट केली, आणि १९३७ साली जिनीव्हाला दोन करार तयार झाले: एक दहशतवादाविरुद्ध, दुसरा त्याच गुन्ह्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा. राज्यकर्त्याला पिंजऱ्यात उभे करण्याची मूळ मागणी, पण पदरात पडले ते राज्यकर्त्याच्या रक्षणाचे कागद!

तेही अमलात आले नाहीत. न्यायालयाच्या करारावर एकाही देशाने शेवटची मोहर उठवली नाही. दहशतवादाच्या करारावर एकाच देशाची उठली, १९४१ साली, आणि तो देश हिंदुस्थान. ही मोहर येथील जनतेची नव्हे. वैयक्तिक सत्याग्रहींनी तुरुंग भरणाऱ्या परकीय सरकारची होती. कोणता कायदा कोणाला आवडतो, हे यावरून समजावे.

त्याच १९४१ च्या जूनमध्ये खुद्द यासी शहरात रुमानियाच्या सैनिकांनी आणि पोलिसांनी हजारो ज्यूंची कत्तल केली. मालगाडीच्या बंद डब्यांत कोंडलेले कित्येक जण तहानेने आणि गुदमरून मेले. हा पेल्ला यांच्या सिद्धांतातला राज्याचा गुन्हा, त्यांच्याच जन्मगावी घडलेला. आणि १९४४ साली पेल्ला त्याच रुमानियाचे राजप्रतिनिधी म्हणून बर्न येथे होते. हे झाकून त्यांचे चरित्र सांगणे आम्हाला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. राज्याचा गुन्हा ओळखणारा माणूसही राज्याचा नोकर असतो. म्हणूनच तो गुन्हा तपासायला राज्याबाहेरचे न्यायासन लागते.

युद्धानंतर न्यूरेंबर्गला राज्यकर्ते खरोखरीच आरोपी झाले. पण ते हरलेल्यांचे. १९४७ साली वंशसंहाराविरुद्धच्या कराराचा मसुदा करताना संयुक्त राष्ट्रसंघाने ज्या तीन तज्ज्ञांचा सल्ला घेतला, त्यांत लेमकिन आणि दोन्नदिय द वाब्र यांच्याबरोबर पेल्ला होते. १९४८ साली तो करार संमत झाला. पेल्ला १९५२ साली न्यूयॉर्कला वारले. त्यांच्या कल्पनेतले कायमचे न्यायालय १९९८ च्या रोम कराराने ठरले, २००२ साली अस्तित्वात आले, आणि आक्रमणाच्या गुन्ह्याचा अधिकार त्याला २०१८ साली मिळाला. तोही पुष्कळ अटींनी बांधलेला.

पहिल्याच बैठकीत मागणीपत्र मान्य होत नाही, हे संघटनेत आयुष्य गेलेल्या आम्हाला ठाऊक आहे. ते पुन्हा पुन्हा टेबलावर ठेवावे लागते, आणि ठेवणारा बहुधा निकाल पाहायला उरत नाही. मोठी राष्ट्रे, अमेरिका, रशिया आणि चीन, या न्यायालयाबाहेर आहेत. आपला भारतही बाहेरच आहे. त्याची कारणे सरकार सांगते. ती ऐकावीत, तपासावीत. परंतु पेल्ला यांचा प्रश्न दुसऱ्यांच्या राज्यांना विचारणे सोपे असते. तो आपल्या राज्याला विचारण्याची सवय आपण नागरिकांनी लावून घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.