सागवानी दार आणि अदृश्य किरण

मंडळी, आमच्या वऱ्हाडात लाकूड म्हटलं की मेळघाटचा साग. जुन्या वाड्याचं सागवानी दार लावलं की चोराचिलटाची चिंता मिटली. मग ते किरणोत्सारही अडवत असेल का?

उत्तर १८९५ सालीच मिळालं होतं. राँटगेनने वजनं बंद लाकडी पेटीत ठेवून क्ष-किरणांनी फोटो घेतला. वजनं स्पष्ट उमटली, पेटी नुसती नावाला! हे किरण अडवायला जड अणूंची दाटी लागते. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण निम्मे करायला शिसं जेमतेम १.२ सेंटिमीटर पुरतं, साग मात्र सुमारे १७ सेंटिमीटर लागतो. अमरावती असो की अकोला, एक्स-रेच्या खोलीचं दार वरून लाकडी दिसलं, तरी खरी राखण करायची असते ती आतल्या दीड-दोन मिलिमीटरच्या शिशाच्या पत्र्याने.

मग लाकूड अगदीच कुचकामी? नाही. १९३२ साली चॅडविकने न्यूट्रॉन शोधला आणि चित्र पालटलं. या कणाला विद्युतभार नाही, तो शिशातून सहज पार जातो. गोटी भिंतीवर आपटली तर उसळून परत येते. पण तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या गोटीवर नेमकी बसली, तर आपला वेग तिला देऊन जागीच थांबते. न्यूट्रॉनच्या तोलामोलाची गोटी म्हणजे हायड्रोजनचं अणुकेंद्र, आणि लाकडात हायड्रोजन भरपूर!

म्हणूनच १९४४ मध्ये अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या अणुभट्टीभोवती पोलाद आणि मेसोनाइट, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेले तक्ते, यांचे एकाआड एक थर रचले. पोलाद गॅमा किरणांसाठी, लाकूड न्यूट्रॉनसाठी. आपल्या तुर्भ्याच्या ‘अप्सरा’ अणुभट्टीत १९५६ साली हेच काम हौदातल्या पाण्यातल्या हायड्रोजनने केलं.

हॅनफर्डच्या त्या भिंतीने आतले कामगार सांभाळले. पण तिथेच तयार झालेलं प्लुटोनियम ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलं. तिथल्या लाकडी घरांतल्या माणसांसाठी अशी भिंत कुणी रचली नव्हती. ज्ञान तेच, लाकूडही तेच; कुणाला वाचवायचं, हे मात्र माणसानेच ठरवलं.

असो. एक्स-रेला कुणासोबत गेलात, तर खोलीचं दार नीट लागलंय ना, तेवढं पाहूनच बाहेरच्या बाकावर बसा.